थर्मोस्टॅट नेमका कुठल्या भिंतीवर लावावा?

चौथी_भिंत »
मंडळी, घराचं काम काढलंय. गरम करणं आणि गार करणं दोन्ही एकाच यंत्रणेवर आहे. डक्टमधून सगळ्या खोल्यांत हवा जाणार, आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारा थर्मोस्टॅट एकच. भिंती अजून उघड्या आहेत, प्लास्टर व्हायचंय, त्यामुळे वायर कुठेही नेता येईल. पण आम्ही आत्ता ठरवलं नाही तर इलेक्ट्रिशियन त्याच्या सोयीने ठरवून मोकळा होईल अशी चिन्हं आहेत.

सध्या तीन जागांवर घोडं अडलंय.
१. बेडरूमकडे जाणारा पॅसेज. खिडकी नाही, दोन्ही बाजूंना दारं. इलेक्ट्रिशियनचा सगळा जोर इथे.
२. हॉलमधली टीव्हीची भिंत. समोर पश्चिमेची मोठी खिडकी.
३. जेवणाच्या टेबलामागची भिंत. ही आतली भिंत आहे. हॉल आणि जेवणाची जागा मोकळी, एकच आहे. पण स्वयंपाकघराचं दार तिथून तीन-चार मीटरवर.

सासूबाई म्हणतात त्यांच्या खोलीत लावा, थंडी त्यांनाच वाजते. नवरा म्हणतो कुठेही लाव, काय फरक पडतो. तर खरंच पडतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचटराव »
पडतो की. सासूबाईंच्या खोलीत लावलात तर सासूबाई ठरवतील, पॅसेजमध्ये लावलात तर जाता-येता जो तो ठरवेल. ह.घ्या. (हलके घ्या)

डक्टवाला »
पडतो, आणि चांगलाच पडतो. या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थर्मोस्टॅटला घर कळत नाही. त्याच्या डबीत जेवढी हवा शिरते तेवढी त्याला कळते, आणि ज्या भिंतीला तो चिकटलाय तिचं तापमान थोडंफार कळतं. बाकीचे नियम यातूनच निघतात. बाहेरची भिंत थंडीत गार आणि उन्हात गरम होते, म्हणून आतली भिंत. जमिनीलगत गारवा साठतो आणि छताशी उष्मा, म्हणून साधारण दीड मीटर उंची. हवा तिथपर्यंत फिरत यायला हवी, पण डक्टचा झोत थेट अंगावर नको. झोतात लावला तर यंत्रणा सुरू होताक्षणी त्याला वाटतं काम झालं. तो बंद करतो, थोड्या वेळात पुन्हा सुरू. याला शॉर्ट सायकलिंग म्हणतात. यात कॉम्प्रेसरची वाट लागते, कारण सगळ्यात जास्त ताण सुरू होतानाच असतो. आणि गार करताना हवेतला दमटपणा काढायचा तर यंत्र सलग बराच वेळ चालावं लागतं. सारखं चालू-बंद झालं की खोली गार होते, पण चिकचिक जात नाही.

तुमचा २ नंबर आधी खोडा. टीव्ही, राउटर, शेजारचे अॅडाप्टर यांची गरम हवा भिंतीला घासत वर जाते आणि थर्मोस्टॅट बरोब्बर तिच्या वाटेत बसतो. त्यात पश्चिमेचं ऊन. पॅसेजही मला पसंत नाही. बेडरूमची दारं लागली की तिथली हवा हलत नाही, आणि पॅसेजमध्ये कोणी बसतही नाही. माझं मत ३ ला, स्वयंपाकघराच्या दारापासून जमेल तितकं लांब.

गोधडी »
+१. विशेषतः "चिकचिक जात नाही" या वाक्याला. आमच्या भाड्याच्या घरात हेच व्हायचं आणि आम्ही यंत्राला शिव्या घालायचो.

उलटतपासणी »
डक्टवालांशी पॅसेजबाबत असहमत. मीही याच व्यवसायात आहे.

पॅसेज सरसकट बाद करायची फॅशन झाली आहे. रिटर्नची जाळी, म्हणजे यंत्र जिथून घरातली हवा परत ओढून घेतं ती, कुठे आहे हे आधी विचारा. ती पॅसेजमध्ये असेल तर सगळ्या खोल्यांतली हवा परत यंत्राकडे जाताना त्याच पॅसेजमधून जाते. म्हणजे तिथे घरभराची मिसळलेली हवा मिळते, आणि थर्मोस्टॅटला याहून चांगला नमुना कुठला हवा? ऊन नाही, ओव्हन नाही, टीव्ही नाही. जुन्या लोकांनी पॅसेज निवडला तो काही केवळ वायर वाचवायला नव्हे.

डक्टवाला »
@उलटतपासणी, रिटर्नचा मुद्दा मान्य. पण तो दारं उघडी असतील तर. दार बंद झालं की खोलीतली हवा दाराखालच्या फटीतून यायला हवी, आणि नवी दारं फरशीला घासतील इतकी खाली बसवतात. मग खोलीत हवा कोंडते, आणि रिटर्न बिचारा जिथून मिळेल तिथून हवा ओढतो. तेव्हा पॅसेजमधला नमुना घरभराचा राहत नाही. दारात किंवा भिंतीत जाळी ठेवली असेल तर गोष्ट वेगळी.

चौथीताई, तुमचा रिटर्न कुठे आहे ते बघून सांगा.

खवचटराव »
दोन तज्ज्ञ एका धाग्यावर आले. आता हा धागा प्लास्टर वाळेपर्यंत चालणार.

पाचवा_मजला »
आमच्याकडे सेंट्रल वगैरे भानगड नाही, प्रत्येक खोलीत स्प्लिट. म्हणजे हा प्रश्न आम्हाला लागूच नाही ना? :)

तारायंत्र »
लागतो की. तुमचा थर्मोस्टॅट भिंतीवर दिसत नाही एवढंच. स्प्लिटच्या आतल्या युनिटमध्ये जिथून हवा आत ओढली जाते तिथे सेन्सर असतो, म्हणजे छताजवळ. तुम्ही बसता खाली, मोजमाप वर. गार करताना हे बरंच चालून जातं. गरम करताना मात्र गरम हवा छताशी जमते, यंत्राला वाटतं झालं, आणि खाली तुमचे पाय गारच. बरेच उत्पादक आतल्या आत काही अंश वजा करून हा फरक झाकतात, पण छताची उंची घरोघर वेगळी, मग तो अंदाज तरी किती बरोबर येणार?

यावर उतारा म्हणून काही रिमोटमध्येच सेन्सर असतो. बटणावर "आय फील" किंवा "फॉलो मी" असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते चालू केलं की रिमोट ठरावीक वेळाने आपल्या जवळचं तापमान युनिटला कळवतो. अट एकच, रिमोट युनिटला दिसला पाहिजे, कारण इन्फ्रारेड आडोशापलीकडे जात नाही.

पाचवा_मजला »
आमचा रिमोट कायम उशीखाली असतो. आता कळलं ते यंत्र रात्री का पिसाळतं.

गोधडी »
ठ्ठो!

सावली_मोजणारा »
उन्हाबद्दल एक भर घालतो. "या भिंतीवर ऊन येत नाही" असं लोक घर बघायला गेलेल्या दिवशी ठरवतात. पण सूर्य वर्षभर एका उंचीवर नसतो. उष्ण कटिबंधाबाहेर कुठेही राहत असाल तर भर उन्हाळ्यातली आणि भर हिवाळ्यातली मध्यान्हीची उंची यांत जवळपास ४७ अंशांचा फरक पडतो. उन्हाळ्यात छज्जा ज्या उन्हाला खिडकीबाहेर थोपवतो तेच ऊन हिवाळ्यात खोलीच्या पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. म्हणजे नेमकं घर गरम करायच्या दिवसांत थर्मोस्टॅटवर ऊन, आणि घर गार.

पश्चिमेच्या खिडकीचं तर विचारूच नका. संध्याकाळी सूर्य खाली आला की किरण जवळजवळ आडवे येतात आणि छज्जा त्याला काही करू शकत नाही. कवडसा सरळ पडेल असंही नाही, समोरच्या काचेवरून किंवा आरशावरूनही येतो. चौथी_भिंत, तुमच्या ३ नंबरवर पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन येतं का, ते हिवाळ्याच्या हिशेबाने बघा. फोनवर सूर्याची दिशा दाखवणारी अॅप्स असतात, त्यांत तारीख बदलून पाहता येतं.

अर्धा_अंश »
वरचं सगळं बरोबर आहे, पण सगळे एकाच मापाने बोलताहेत असं वाटलं म्हणून लिहिते.

चूक दोन प्रकारची असते. थर्मोस्टॅट समजा कायमच दीड अंश जास्त दाखवतो, सकाळी, दुपारी, थंडीत, उन्हाळ्यात. ही चूक निरुपद्रवी. एक तर तुम्हीच आकडा दीड अंशाने पुढे-मागे ठेवायला शिकता, नाही तर सेटिंगमध्ये जाऊन ऑफसेट, म्हणजे कायमची ठरावीक बेरीज-वजाबाकी, टाकता. आजकालच्या बहुतेक डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये ती सोय असते. दुसरी चूक लहरी: दुपारी चार ते सहा ऊन आलं म्हणून तीन अंश जास्त, ओव्हन लावला म्हणून दोन जास्त, बाहेरचं दार उघडलं म्हणून चार कमी. हिला ऑफसेटचा उपयोग शून्य. ती कधी येईल आणि किती असेल हे ठरलेलं नसतं.

त्यामुळे जागा निवडताना "इथलं तापमान घराच्या सरासरीइतकं आहे का" हा प्रश्न दुय्यम. "इथलं तापमान घराबरोबर वर-खाली होतं का, की स्वतःच्या मनाने?" हा खरा. या हिशेबाने पाहिलं तर बिनखिडकीचा पॅसेज बसायच्या जागेपेक्षा एक अंशाने गार असला तरी चालू शकतो. टीव्हीची भिंत चालणार नाही, सकाळी तिथला आकडा अगदी अचूक येत असला तरी.

उलटतपासणी »
@अर्धा_अंश, दंडवत. मला हेच म्हणायचं होतं, फक्त मी भांडणाच्या सुरात म्हटलं.

डक्टवाला »
मान्य. एक पुरवणी: पॅसेज घराबरोबर हलतो, पण उशिरा. हवा फिरत नसेल तर हॉल गरम होऊन बराच वेळ झाला तरी पॅसेजला पत्ता नसतो, तोवर यंत्र चालूच. अशी उशिराची चूकही ऑफसेटने जात नाही. तेव्हा भांडण अजून संपलेलं नाही. ;)

जिन्याखाली »
दुमजली घरवाले आहेत का कोणी? आमच्याकडे एकच थर्मोस्टॅट, खाली. थंडीत खाली बरं, वर भट्टी. कुठे हलवावा?

डक्टवाला »
कुठेही हलवलात तरी एक मजला रुसणार. थंडीच्या दिवसांत आतली गरम हवा हलकी म्हणून जिन्यातून वर चढते, वरच्या फटींतून बाहेर जाते, आणि तेवढीच गार हवा खालच्या फटींतून आत येते. थर्मोस्टॅट खाली असला की खालच्या गारठ्याला पुरेल इतकी उष्णता सोडतो, वरच्यांना ती जास्त होते. वर लावला तर खालचे कुडकुडतील. नक्की काय करू नका ते सांगतो: जिन्याच्या तोंडाशी लावू नका, ना वर ना खाली. तिथे कायम प्रवाह असतो.

खरा उपाय दोन झोन. डक्टमध्ये मोटरवाले डँपर (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा) आणि प्रत्येक मजल्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट. ते जमणार नसेल तर निदान वरच्या मजल्याच्या जाळ्या थंडीत थोड्या आवळा आणि उन्हाळ्यात उघडा. पूर्ण बंद मात्र करू नका, डक्टमध्ये दाब वाढतो. आणि फटी बुजवा. त्याचा फायदा थर्मोस्टॅट हलवण्यापेक्षा जास्त होईल.

जिन्याखाली »
धन्यवाद. फटी शोधायला घेतो.

नळकांडे »
भिंतीच्या पुढे काय आहे यावर सगळे बोलले, भिंतीच्या आत काय आहे यावर कोणीच नाही. गरम पाण्याची पाइप, बॉयलरचं धुराडं, सप्लायचा डक्ट, मागच्या बाजूला असलेला फ्रीज किंवा गीझर. एका ओळखीच्यांकडे थर्मोस्टॅट रोज सकाळी एका वेळेला आपोआप वर चढायचा. घरात भुताटकीपर्यंत चर्चा गेली. मागच्या बाजूला बाथरूम, आणि भिंतीत गरम पाण्याची उभी पाइप. घरातले अंघोळीला लागले की भिंत तापायची.

दुसरं, वायर ज्या भोकातून येते ते भोक. भिंत पोकळ असेल, किंवा वायर पाइपमधून येत असेल, तर त्यातून भिंतीतली किंवा पोटमाळ्यावरची हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीत येते. बाहेर जागा कितीही उत्तम निवडा, आतून वेगळंच हवामान. तिथे पुट्टी भरायची, न कडकणारी, म्हणजे पुढे वायर बदलायची तर काढता येते. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक ठिकाणी केलेलं नसतं.

सुलभा_क »
वाखूसा (वाचनखूण साठवली). भोकाचं माहीतच नव्हतं. आत्ता उठून थर्मोस्टॅटचं झाकण काढून हात लावून पाहिला तर खरंच गार वारा येतोय!

तारायंत्र »
@सुलभा_क, झाकण काढून हात लावताना जरा जपून. डक्टच्या यंत्रणेत बहुधा २४ व्होल्ट असतात, त्यात फारसं काही होत नाही. पण बॉयलर किंवा विजेच्या हीटरवरच्या काही थर्मोस्टॅटमध्ये सरळ मेनची लाइन येते. पुट्टी भरायची तर आधी एमसीबी पाडा.

सुलभा_क »
बाप रे. पाडते.

खवचटराव »
तुम्ही सगळे जागेवर भांडताय, घराघरांत भांडण आकड्यावर असतं. काही ऑफिसांत तर म्हणे भिंतीवर नुसती शोभेची डबी लावतात, आत काही जोडलेलंच नसतं. लोक येऊन बटण दाबतात आणि समाधानाने जागेवर जाऊन बसतात. चौथीताई, सासूबाईंच्या खोलीत एक तशी लावा. प्रश्न मिटला.

चौथी_भिंत »
@खवचटराव, सासूबाई हा धागा वाचतात. :)

खवचटराव »
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).
(आईसाहेब, नमस्कार. लोभ असावा.)

उंबरठा »
उंचीबद्दल थोडं वेगळं मत. दीड मीटर हा आकडा सगळे पाठ म्हणून दाखवतात, पण माझी बहीण व्हीलचेअर वापरते, तिला दीड मीटरवरचं काही वाचता येत नाही की दाबता येत नाही. अमेरिकेच्या सुगम्यतेच्या नियमांत बसून हात पोचायची कमाल उंची ४८ इंच, म्हणजे साधारण १.२ मीटर दिली आहे. आम्ही तेवढ्यावर लावला. काहीही बिघडलेलं नाही.

अर्धा_अंश »
बिघडणारही नाही. उलट बसलेल्या माणसाचं डोकं साधारण १.१ मीटरवर येतं. आरामदायी तापमानाचं जे मानक आहे (अॅश्रे ५५) त्यात बसलेल्यांसाठी मोजमाप ०.१, ०.६ आणि १.१ मीटरवर घेतात. घोटे आणि डोकं यांच्या तापमानातला फरक ३ अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये असं तेच मानक सांगतं. हवा व्यवस्थित मिसळत असेल तर १.२ आणि १.५ मधला फरक किरकोळ. तो फरक मोठा असेल तर प्रॉब्लेम थर्मोस्टॅटच्या उंचीचा नाही, हवा मिसळत नाही हा आहे.

लहान मुलं असतील तर मात्र १.२ वर लॉक असलेला मॉडेल घ्या. स्वानुभव.

यंत्रमित्र »
मला हा सगळा धागाच जुन्या जमान्यातला वाटतोय. स्मार्ट थर्मोस्टॅट घ्या, प्रत्येक खोलीत वायरलेस सेन्सर ठेवा, मुख्य डबी कुठेही लावा. विषय संपला. हाय काय नि नाय काय.

उलटतपासणी »
विषय संपत नाही, फक्त दुसऱ्या खोलीत जातो. सेन्सरही कुठेतरी ठेवावाच लागतो, आणि लोक तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात. शिवाय तीन सेन्सरची सरासरी घेतली तर काय होतं? एक खोली १८, एक २१, एक २४, सरासरी २१, यंत्र खूश, घरातले दोघे नाखूश. सेन्सरने मोजमाप सुधारतं. डक्टमधून कुठल्या खोलीत किती हवा जाणार ते बदलत नाही.

यंत्रमित्र »
सरासरी घ्यायलाच हवी असं नाही. दिवसा हॉलचा सेन्सर, रात्री बेडरूमचा, असं वेळापत्रक लावता येतं. मी तेच करतो आणि सुखी आहे. शिवाय भाड्याच्या घरात जागा बदलता येत नसेल तर दुसरा मार्ग काय?

उलटतपासणी »
रात्रीच्या वेळापत्रकाला अनुमोदन. तो खरंच मोठा फायदा आहे. कट्ट्यावर ठेवू नका एवढंच माझं म्हणणं.

तारायंत्र »
रच्याकने (जाता जाता), स्मार्टवाले स्वतःही थोडे तापतात, आत स्क्रीन आणि वायफाय असतं. उत्पादक ती उष्णता हिशेबात धरून वजा करतात, पण ते डबीभोवती हवा खेळती आहे असं गृहीत धरून. कोनाड्यात, कपाटात किंवा मुलांनी हात लावू नये म्हणून बंद प्लास्टिकच्या खोक्यात ठेवलात तर तो हिशेब चुकतो. खोकं लावायचंच तर भोकं असलेलं लावा.

पुराणवस्तू »
अवांतर: मोजमाप खोलीत आणि यंत्र तळघरात, ही कल्पना आली कशी हेही मजेशीर आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात किती थंडी आहे ते बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि शिकवण्यात खंड पडायचा. वैतागून त्यांनी विजेवरचा थर्मोस्टॅट बनवला, १८८३ मध्ये पेटंट घेतलं. सुरुवातीचं त्यांचं यंत्र स्वतः काहीच उघडत-मिटत नव्हतं. तळघरात घंटा वाजायची, मग शिपाई जाऊन झडप हलवायचा.

आणि तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट, हनीवेलचा, १९५३ चा, हेन्री ड्रायफस यांच्या डिझाइनचा. गोल असल्याने भिंतीवर कधी तिरका दिसत नाही. पण गंमत अशी की आत पाऱ्याची नळी होती, आणि ती तिरकी बसली तर आकडा चुकायचा. त्यामुळे बाहेरून गोल असूनही लेव्हल लावूनच बसवावा लागे. कोणाच्या जुन्या घरात असा निघालाच तर कचऱ्यात टाकू नका, आत पारा आहे.

गोधडी »
अवांतर असलं तरी मस्त. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

पायतळ »
फरशीखालून गरम करायची यंत्रणा असेल तर वेगळे नियम का?

नळकांडे »
थोडे वेगळे. तिथे दोन सेन्सर असलेले बरे, एक खोलीतल्या हवेला, एक फरशीत. फरशीतला मुख्यतः मर्यादेसाठी. माणसं वावरतात तिथे फरशी २९ अंशांवर जाऊ नये असा युरोपीय मानकाचा दंडक आहे, आणि लाकडी फरशी असेल तर बहुतेक उत्पादक २७ च्या आत ठेवायला सांगतात. तो सेन्सर दोन नळ्यांच्या किंवा केबलच्या बरोबर मध्ये, आणि थेट सिमेंटात न गाडता छोट्या पाइपमध्ये सरकवायचा. उद्या बिघडला तर ओढून काढता येतो, फरशी फोडावी लागत नाही. गालिचा किंवा कपाट येणार असेल त्याखाली नको.

रेडिएटरवाल्यांसाठीही एक: ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरवर तापमानाने आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह बसवू नका, असेल तर पूर्ण उघडा ठेवा. नाही तर व्हॉल्व्ह खोली थंड ठेवतो, थर्मोस्टॅट बॉयलर चालूच ठेवतो, आणि बाकीच्या खोल्या शिजतात.

पायतळ »
आमच्याकडे अगदी हेच चालू आहे. रेडिएटर जुन्या खोल्यांत, फरशीखालची यंत्रणा नव्या खोल्यांत. आभार.

सुलभा_क »
चौथीताई, सगळे मतं देताहेत, पण भिंत तुमची आहे, मोजूनच का नाही बघत? बाजारात छोटे डिजिटल थर्मामीटर मिळतात, कमाल-किमान लक्षात ठेवणारे. तिन्ही जागी एकेक दीड मीटरवर टेपने चिकटवा.

अर्धा_अंश »
चिकटवण्याआधी तिन्ही एका जागी शेजारी-शेजारी काही तास ठेवून आकडे ताडून पाहा. स्वस्त थर्मामीटरमध्ये अंशभर फरक सहज असतो. कोणता किती जास्त दाखवतो ते त्याच्यावरच पेनने लिहून ठेवा. आणि झोत आहे का ते बघायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी वरून टांगा. यंत्रणा नसताना नुसता पंखा चालू करून बघता आलं तर उत्तम. पट्टी हलकीशी हलली तर छान, फडफडली तर जागा बाद, अजिबात हलली नाही तरी बाद.

चौथी_भिंत »
इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, सगळ्यांचे आभार. रिटर्नचं बघितलं. एक मोठी जाळी आहे, आणि ती पॅसेजमध्ये नाही, हॉल आणि जेवणाची जागा जिथे मिळतात तिथल्या भिंतीवर खाली आहे. म्हणजे उलटतपासणींचा पॅसेजचा मुद्दा आमच्यापुरता निघून गेला असं मी समजते.

थर्मामीटर लावले. टीव्हीची भिंत संध्याकाळी भलतीच वर गेली, टीव्ही अजून खोक्यात असताना. पॅसेज शांत होता, पण हॉल तापला तरी तो आपल्याच तंद्रीत. जेवणाची भिंत हॉलच्या मागोमाग चालली, फक्त स्वयंपाकघराच्या बाजूच्या टोकाला थोडी उसळी. सूर्याच्या अॅपमध्ये हिवाळा लावून पाहिला तर ऊन टेबलापर्यंत येतं, भिंतीच्या रिटर्नकडच्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून ३ नंबरच, पण रिटर्नच्या बाजूच्या टोकाला, १.२ मीटरवर. उंबरठा यांचा मुद्दा पटला, सासूबाईंचेही गुडघे पुढे-मागे त्रास देणार आहेतच. त्यांच्या खोलीत एक सेन्सर, रात्रीसाठी.

इलेक्ट्रिशियनने तोंड वाकडं करून होकार दिला. त्याला अजून काय-काय सांगू?

उलटतपासणी »
हरलो. पण रिटर्न विचारा असं मीच म्हटलं होतं, हे इतिहासात नोंदवावं.

तारायंत्र »
थर्मोस्टॅटसाठी स्वतंत्र खोका घ्या, लाइटच्या स्विचच्या पंगतीत बसवू नका. डिमर असेल तर तो तापतो आणि शेजाऱ्याला तापवतो. वायर टाकताना गरजेपेक्षा दोन-तीन कोअर जास्त असलेली टाका. स्मार्ट थर्मोस्टॅटला सतत वीज लागते, त्यासाठी कॉमनची तार हवी, आणि ती नसली की पुढे बॅटऱ्या किंवा जोडउपकरणं यांचे उपद्व्याप. आत्ता भिंत उघडी आहे, जास्तीच्या तारेला काहीच पडत नाही.

चौथी_भिंत »
त्या भिंतीवर टेबलामागे एक मोठी फ्रेम लावायची होती, ती चालेल ना?

डक्टवाला »
फ्रेम चालेल, थर्मोस्टॅटपासून हातभर सोडून. वरून फोकस टाकणारा दिवा लावणार असाल तर त्याचा झोत डबीवर नको. उंच कपाट मात्र शेजारी आणू नका, हवा अडते. जवळपास दार असेल तर ते पूर्ण उघडल्यावर डबीवर येत नाही ना तेही पाहा. हे बरेचदा दार बसवल्यावरच लक्षात येतं.

थर्मोस्टॅट स्वतः रंगकाम संपल्यावरच लावा. घासकामाची धूळ सेन्सरच्या फटीत गेली की नव्या डबीचा आकडाही मागे पडायला लागतो. तोवर वायर नुसती गुंडाळून खोक्यात ठेवा. भोकाला पुट्टी भरायचं नळकांडे यांनी सांगितलंच आहे, ते काम इलेक्ट्रिशियन गेल्यावर स्वतः करा. आणि प्लास्टर चढायच्या आधी त्या भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी धरून. ती मोठी फ्रेम टांगताना खिळा कुठे ठोकायचा नाही ते कळेल.